कडूबाईला पाणी नको

वर्षातले अकरा महिने मला कुणी फूल म्हणणार नाही. थोडे महिने मी हिरव्या सुतळीच्या तुकड्यांसारखी पानं घेऊन बसलेली असते. थोडे महिने तेही नसतं, वर नुसते खडे दिसतात आणि मी खाली झोपलेली असते. पाहुणे येतात, कुंडीकडे बघतात आणि विचारतात, "यात काही लावायचं राहिलंय का?" मी ऐकून घेते. मला कसली घाई नसते.

आज मात्र बोलायचं ठरवलंय. या उन्हाळ्यात माझ्यापायी एका बाईच्या जिवाला घोर लागला होता, आणि तिची बाजू सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कोण आहे?

मी बिटररूट. कडू मुळाचं रानफूल. माझं मूळ रान अमेरिकेतल्या मोंटाना नावाच्या डोंगराळ मुलखात. तिथे उतारावर माती कमी आणि खडेच जास्त. आजूबाजूला सेजब्रशची करडी झुडपं, पान चुरडलं की औषधासारखा वास येणारी. हिवाळाभर बर्फ, बर्फ वितळलं की चार दिवसांची ओल, आणि मग आभाळ जे कोरडं पडतं ते पडतंच. अशा ठिकाणी जगायचं तर मूळ जाड लागतं. ओल असेल तोवर पिऊन घ्यायचं, मुळात साठवायचं, उन्हाळा आला की पानं वाळवून टाकायची आणि साठवलेल्यावर फूल काढायचं. पानं आधी जातात, फूल मागून येतं. ही आमच्या घराण्याची रीत. एवढी ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मी स्वतः ते रान पाहिलेलं नाही. माझा जन्म आयर्लंडचा, डोनेगलचा. लेटरकेनीच्या बाहेर टेकडीच्या उतारावर चार घरांची एक ओळ आहे, तिथला. इथे पाऊस येतो असं म्हणत नाहीत, पाऊस कधी थांबला ते सांगतात. वाळवंटातल्या लेकीला विहिरीत दिलं, तशी माझी गत.

मला इथे आणलं उनानं. तिचा भाऊ तरुणपणी मोंटानातल्या खाणींच्या गावी कामाला गेला आणि तिथलाच झाला. म्हातारपणी त्यानं बहिणीला पाकिटातून चिमूटभर काळं बी पाठवलं. उनानं ते खड्यांत पेरलं आणि काचेच्या ओसरीत ठेवलं. तिचा नवरा मॅनस म्हणायचा, "लोकांच्या बायका फुलं सांभाळतात, माझी दगड सांभाळते."

"तुला सांभाळून सवय झालीय," उना म्हणायची.

आम्ही चौघी उगवलो. पहिल्याच उन्हाळ्यात आमची पानं पिवळी पडली, तशी उना घाबरली आणि रोज सकाळी चहाच्या आधी झारी घेऊन यायला लागली. महिन्याभरात माझ्या तिन्ही बहिणी कुजून गेल्या. मी कुंडीच्या काठाला होते, तिथवर पाणी कमी यायचं, म्हणून राहिले. मग उनानं एका जाड कार्डावर ठळक अक्षरात लिहून ते माझ्या कुंडीत खोचलं: मे ते ऑगस्ट पाणी नाही. थेंबभरही नाही. तिला तिच्या मनावर सोडा.

चौथ्या वर्षी मी पहिलं फूल काढलं. देठ बोटाच्या पेराएवढा, आणि त्यावर फिकं गुलाबी, वाटीएवढं फूल, जमिनीला टेकलेल्या कमळासारखं. उनानं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिलं, एक. पुढच्या वर्षी दोन. मग तीन. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये पाच. जुनी कॅलेंडरं ती फेकायची नाही, नव्याच्या मागे त्याच खिळ्याला अडकवायची. भिंतीवर माझी अख्खी कुंडली टांगलेली होती म्हणा ना.

या फेब्रुवारीत उना गेली.

इथे कुणी गेलं की शेजारीपाजारी सँडविच घेऊन येतात. तीन दिवस घरात त्रिकोणी सँडविचचे डोंगर झाले, आणि मॅनसनं एकही तोंडात घातलं नाही. चौथ्या दिवशी शेजारची बाई दारात उभी राहिली. डोक्यावर स्कार्फ, हातात स्टीलचा डबा, पायांशी साडेचार वर्षांची मुलगी. बाईला इंग्रजी फार येत नव्हतं. तिनं डबा पुढे केला आणि मुलीला कोपरानं ढोसलं.

"आई सेज ईट," मुलगी म्हणाली. "इट्स खिचडी. इट्स फॉर सॅड टमीज."

मॅनसनं ओसरीतच बसून चमच्यानं तो डबा संपवला. मी समोरच होते.

ही सुनेत्रा. नवरा सतीश लेटरकेनीच्या एका हॉटेलात कूक आहे. ती मूळची सांगलीकडची, सातवी झालेली, लग्नानंतर काही वर्षांनी मुलीला घेऊन इकडे आलेली. दोन वर्षं झाली होती, पण अजून कुठल्या फॉर्मवर कुठे सही करायची, बस कुठल्या बाजूला थांबते, दवाखान्यात काय सांगायचं, सगळ्याला तिला कुणाला तरी विचारावं लागायचं. आणि काळजी तर अशी, की रुचाच्या, म्हणजे त्या मुलीच्या, कपाळाला दिवसातून आठ वेळा हात लावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. रुचा खेळता खेळता स्वतःच कपाळ पुढे करायची, "आय'म ग्रँड, आई," म्हणायची, इथे बरं असण्याला ग्रँडच म्हणतात, आणि पुन्हा पळायची.

मे महिन्यात मॅनस काठी टेकत मला काखेत घेऊन त्यांच्या दाराशी गेला. त्याला ऑपरेशनचं बोलावणं आलं होतं. खुबा बदलायचा होता, डब्लिनला. नंतर दोन महिने तिथेच, सँट्री भागात बहिणीकडे राहायचं होतं.

रुचा मध्ये उभी राहून दोन्हीकडचं इकडंतिकडं करत होती. "आई, मॅनस आजोबा गेटिंग न्यू लेग."

सुनेत्रानं त्याच्या पायाकडे बघितलं. "अख्खा पाय?"

"नो. जस्ट द टॉप बिट."

मॅनसनं मला ओट्यावर ठेवलं आणि बोटानं दाखवलं. "पाच कळ्या आहेत. जूनमध्ये उमलतील. उना नसतानाची ही पहिलीच फुलं, आणि मी इथे नसणार. मला फक्त एक फोटो पाठवायचा. दुसरं काही करायचं नाही. पाणी तर अजिबात नाही."

"काहीच नाही?" सुनेत्रानं रुचाकडून पुन्हा विचारून घेतलं.

"काहीच नाही. बागेतलं कळणारी माणसं हिला सोडत नाहीत, रोज काहीतरी करायला जातात. तुला यातलं काही कळत नाही, म्हणून तर तुझ्याकडे देतोय."

रुचानं हे जसंच्या तसं सांगितलं. सुनेत्राला राग नाही आला. या देशात आल्यापासून ती सगळ्यांकडून काही ना काही घेतच होती. तिच्या हाती काही सोपवणारा हा पहिला माणूस. त्यानं पत्रं आत टाकायला म्हणून आपल्या घराची किल्लीही तिला दिली. ती किल्ली तिनं मंगळसूत्राच्या वाटीसारखी पदराआड धरली.

नाव काय, असं तिनं विचारलं. मॅनसनं सांगितलं. रुचा म्हणाली, "बिटर, आई. कडू. लाइक कारलं."

सुनेत्रा हसली. तिच्या आत्याचं नाव कडूबाई. आत्याच्या आधीची दोन भावंडं दगावली, म्हणून हिला नजर लागू नये, काळाला हिची चव लागू नये, असं म्हणून कडू नाव ठेवलेलं. ती आत्या आज एक्क्याऐंशीची आहे आणि अजून दातानं ऊस सोलते. शकुनाचं नाव. तेव्हापासून मी कडूबाई झाले.

तिनं मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. तिथे एक गोल डाग होता, तुळशीच्या कुंडीचा. तीन तुळशी तिनं तिथे लावून बघितल्या. एक थंडीनं गेली, एक उजेड नाही म्हणून, आणि एक सतीशनं रात्रभर खिडकी उघडी टाकल्यामुळे, असं ती म्हणते. सतीशचं म्हणणं वेगळं आहे. पण अंघोळ झाली की तांब्याभर पाणी घेऊन खिडकीशी यायचं, ही तिच्या हाडांतली सवय. तुळस गेली तरी ती मोडली नव्हती. रिकाम्या डागापुढे क्षणभर उभी राहायची आणि पाणी सिंकमध्ये ओतायची. आता त्या डागावर मी बसले होते.

पहिले आठ दिवस तिनं मन घट्ट केलं. तांब्या घेऊन यायची, माझ्याकडे बघायची, कार्डाकडे बघायची, परत जायची. मग माझ्या पानांची टोकं पिवळी पडायला लागली. मी खुशीत होते, आता फुलायचे दिवस आले म्हणून. तिला काय दिसलं असेल ते तुम्हीच समजा. दारातला जीव तहानेनं वाळतोय आणि आपण मात्र चहा पितोय.

एक सकाळ आली, सतीश कामावर गेला, रुचा मोजे शोधत होती. सुनेत्रानं मागे वळून बघितलं. मग कार्डाचं तोंड काचेकडे फिरवलं, उनाचं अक्षर दिसू नये म्हणून, आणि तांब्या तिरका केला.

"एक घोट गं कडूबाई. एवढंसंच. कुणाला सांगू नकोस."

मी कुणाला सांगणार? मला बोलता येत असतं, तर त्या वेळी एवढंच म्हटलं असतं, अगं, जिनं हे कार्ड लिहिलं तिनंही हेच केलं होतं. पण नाही आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घोट. पानं आणखी पिवळी झाली, तसे दोन घोट. ती जितकी जास्त घाबरायची, तितका तांब्या जास्त तिरका व्हायचा. माझे खडे सुकेनात. खाली मुळाशी गार, आंबूस असं काही साचायला लागलं. तीन जाड मुळांवर मी उभी, त्यातली दोन मला हळूहळू जाणवेनाशी झाली.

सतीशच्या लक्षात आलं ते बशीमुळे. रविवारी त्याची दुपारची सुट्टी होती. पाणी प्यायला आला आणि थांबला.

"सुनेत्रा, हिच्या बशीत तळं झालंय. बदकं सोडायची का?"

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

त्यानं कार्ड फिरवून वाचलं. "थेंबभरही नाही असं लिहिलंय इथे."

"वाचता येतं मला तेवढं."

"मग?"

"मग काय मग. पिवळी पडायला लागली होती. बघत बसायचं का नुसतं?"

"हो. तेवढंच काम दिलं होतं."

"तुम्हाला काय जातंय बोलायला."

"रुचाला एक शिंक आली की तू तीन स्वेटर चढवतेस," सतीश म्हणाला. आवाज चढला नव्हता, तो हसतच होता. "पोट भरलं म्हणाली तरी एक घास आणखी. पण रुचा पळून जाते गं. ही बिचारी कुठे पळणार?"

लाटणं थांबलं. सुनेत्रानं पिठाचे हात पुसले, माझ्याजवळ आली आणि मला दोन बोटांत धरून जराशी हलवलं. मी हलले. नीट रुजलेलं झाड असं हलत नाही, हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगावं लागत नाही. बुडाशी मी तिच्या बोटांना मऊ लागले. तीन कळ्या तिच्या तळहातावर गळून आल्या.

ती खाली फरशीवरच बसली. "आता त्या माणसाला मी काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणाली. सतीशनं हसणं आवरलं आणि उरलेल्या पोळ्या स्वतः लाटल्या.

संध्याकाळी तिनं सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, मला दोघी दिसत होत्या.

"तोंड का असं पाडलंय? पोरगी बरी हाय न्हवं?"

"पोरगी बरी आहे. आई, दुसऱ्याची ठेव नासवली मी."

सगळं ऐकून आईनं मला कॅमेऱ्याजवळ आणायला सांगितलं. बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं. "मूळ जाड हाय म्हणतीस? हळकुंडागत?"

"हो."

"मग रडतीस कशापायी? बी-हळदीचा गड्डा नासला की आपण काय करतो? अख्खा फेकतो का? नासकं तेवढं कापायचं, चांगलं लागंपतोर कापायचं, आन् हळद दाबून सावलीत टाकायचं. मातीत लगेच घालायचं न्हाई. पाणी दावायचं न्हाई."

"आणि मेली तर?"

"आधीच मेली म्हणूनच बसलीयास की. आता झाली तर बरीच हुईल. आन् हे बघ, टाकलं की टाकलं. उचकून बघू नगंस. बघाय गेलं की हात जातोय."

त्या बाईला मी कधी भेटणार नाही, पण माझा जीव तिनं वाचवला.

सुनेत्रानं मला खड्यांतून अलगद काढलं. चाकू उकळत्या पाण्यातून काढून पुसला. कापताना तिचे ओठ हलत होते, काय पुटपुटत होती देव जाणे. पहिलं मूळ पार गेलेलं. दुसरंही गेलेलं, अगदी वरपर्यंत. तिसऱ्याचं टोक कापलं, तेव्हा आत पांढरं निघालं आणि मध्ये केशरी-लाल धागा. तिथे ती थांबली. मग हळद. झोंबली, खोटं कशाला बोलू. पण झोंबण्याइतका जीव शिल्लक आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

आता सावली आणि कोरडी जागा. डोनेगलात सावलीचा तोटा नाही, कोरड्याचा आहे. खिडकीत ओल, ओसरीत ओल, सतीशच्या बुटांतसुद्धा ओल. शेवटी रुचा म्हणाली, "पुट हर इन द हॉट प्रेस, आई. विथ द टॉवेल्स."

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. जिन्याच्या वरच्या पायरीशी गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, ते हॉट प्रेस. टॉवेल, चादरी, पोरांचे मोजे तिथे सुकत घालतात. तपकिरी कागदात गुंडाळून मला मधल्या फळीवर, निळ्या टॉवेलाशेजारी ठेवलं.

दार बंद झालं आणि मी काय सांगू तुम्हाला. ऊब. कोरडी, खडखडीत ऊब, कुठल्याच बाजूनं एक थेंब नाही. मी कधी न पाहिलेलं माझं रान असंच असणार. जन्मात पहिल्यांदा मला माहेरी आल्यासारखं वाटलं, तेही टॉवेलांच्या घडीत. मी डोळे मिटले.

बाहेर सुनेत्राचं काही खरं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं सात वेळा दार उघडलं. दुसऱ्या दिवशी रुचानं दारासमोर आपली छोटी खुर्ची टाकली आणि आईला अडवायला लागली. "शी'ज स्लीपिंग. आजी सेड नो." टॉवेल हवा असेल तर रुचाला सांगावं लागायचं, आणि ती डोळे मिटून हात आत घालून काढायची, मी जागी होऊ नये म्हणून.

मॅनसचा फोन दर रविवारी यायचा. ऑपरेशन नीट झालं होतं. पहिल्या रविवारी त्यानं विचारलं, "काही खबर?" आणि सुनेत्रा म्हणाली, "येस येस, गुड." फोन ठेवला आणि दिवसभर जेवली नाही.

"मी सांगतो त्याला," सतीश म्हणाला.

"तुम्ही नका सांगू. ठेव माझ्याकडे दिली होती."

सगळा आठवडा ती चार इंग्रजी वाक्यं भांडी घासताना पाठ करत होती. पुढच्या रविवारी ती फोन घेऊन जिन्यावर, हॉट प्रेसच्या दाराला पाठ लावून बसली. त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मॅनस, आय गिव्ह वॉटर. एव्हरी डे. आय रीड कार्ड, अँड आय गिव्ह." मग श्वास. "आय कट. टू लेग गॉन. मे बी नो फ्लॉवर. सॉरी, मॅनस."

पलीकडून एखादी गाडी गेल्याचा आवाज आला, सँट्रीचा.

मग मॅनस सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला, म्हणजे तिला सगळं कळावं. "उनानं स्वतः तीन बुडवल्या, पोरी. ते कार्ड तिनं दुसऱ्या कुणासाठी नव्हतं लिहिलं. स्वतःसाठी लिहिलं होतं. आणि तेही पुरायचं नाही. दर मे महिन्यात मला झारी शेडमध्ये ठेवून कुलूप घालावं लागायचं. मग ती चहाच्या कपातून घालायला बघायची."

सुनेत्रानं नाक ओढल्याचा आवाज आला.

"माझाही एक सांधा कापून काढलाय," तो म्हणाला. "बघू आता, दोघांत आधी कोण उभं राहतंय."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तिथेच बसली होती. आधी रडली, मग "चहाच्या कपातून," असं म्हणून एकटीच हसली. त्या दिवसानंतर तिनं हॉट प्रेसचं दार स्वतःहून उघडलं नाही. रुचाची खुर्ची खाली गेली.

मी मात्र आत माझं काम करत होते. आम्हाला मातीतून काढलं, वाळवलं, तरी आमच्यात फूल शिल्लक असतं. मोंटानात मूळचे लोक आमची मुळं खणून, सोलून, वाळवून खायला ठेवतात. त्या ढिगातही एखादी फुलून येते, असं उनाचा भाऊ सांगायचा. माझ्या दोन कळ्यांतली एक वाळून गेली. दुसरीला मी उरलंसुरलं सगळं दिलं.

जूनच्या शेवटी एका सकाळी रुचा टॉवेल काढायला आली. हात आत घातला, मग थांबली, आणि नियम मोडून डोळे उघडले.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "कडूबाई इज पिंक."

सुनेत्रा न्हाऊन तशीच धावत आली, केसांतून पाणी गळत होतं. ते माझ्यावर पडेल म्हणून तिनं मला हात लांब करून धरलं आणि खाली खिडकीत, त्या गोल डागावर नेऊन ठेवलं. मुळाला माती नाही, खडे नाहीत, अंगावर वाळलेली हळद, खाली तपकिरी कागद. ऊन होतं. डोनेगलच्या मानानं तर पुष्कळच होतं. दहाच्या सुमारास मी उमलले. पहिली पाकळी सुटली तेव्हा तिघंही खुर्च्या घेऊन समोर बसले होते, सतीशनं हॉटेलात उशिरा येतो म्हणून कळवलं होतं.

फोटो सँट्रीला गेला. तासाभरानं उत्तर आलं, ते सतीशनं वाचून दाखवलं: किल्ली तुझ्याकडे आहे. कॅलेंडर कुठे आहे तुला माहीत आहे. लिही.

सुनेत्रा एकटीच त्या घरात गेली. कॅलेंडर फेब्रुवारीवरच थांबलं होतं, उना गेल्यापासून कुणी पानच उलटलं नव्हतं. तिनं एकेक पान उलटून जून काढला, खिळ्याला बांधलेली पेन्सिल घेतली आणि त्या तारखेच्या चौकोनात तिला जसा येतो तसा, शाळेत गिरवला होता तसा, एक काढला. १. हे मला तिनंच परत येऊन सांगितलं, कानात सांगावं तसं.

मॅनस ऑगस्टमध्ये परत आला, काठीशिवाय. तोवर मी पुन्हा नव्या खड्यांत बसले होते, वर काही नाही, नुसती कुंडी. त्यानं कॅलेंडरसमोर उभं राहून विचारलं, "हा कसला आकडा, गोगलगायीसारखा?"

"वन," सुनेत्रा म्हणाली. "माय वन."

खिशातून एक छोटी किल्ली काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली. "शेडची आहे. झारी तिथेच असते. पुढच्या मेमध्ये कुलूप तू घालायचंस." खिळ्यावरचं कॅलेंडर सरळ केलं. "मी एकटा असतो आता. मलाच पाणी घालावंसं वाटेल."

आता सप्टेंबर सुरू झालाय. मी मॅनसच्या ओसरीत आहे, एका मुळावर, पण घट्ट. खड्यांतून चार हिरवी टोकं वर आली आहेत. आता मला आठवड्याला अंडं ठेवायच्या छोट्या कपाएवढं पाणी चालतं, आणि ते घालायचं काम सुनेत्राकडे आहे.

काल रुचाचा शाळेचा पहिला दिवस होता. दारातून आत जाताना तिनं सवयीनं कपाळ पुढे केलं, मग आईचा हात यायच्या आतच पळाली. सुनेत्रा तिथून घरी जाऊन सरळ माझ्याकडे आली, हातात भरलेला तांब्या. अंड्याचा कप भरला, माझ्या कडेनं सावकाश ओतला. तांब्या अजून जवळजवळ भरलेलाच होता. तिनं माझ्याकडे बघितलं, खिडकीबाहेर शाळेच्या दिशेनं बघितलं, आणि ओसरीच्या पायरीवर बसून ते पाणी स्वतः प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत. सकाळपासून तिनं काही घेतलं नसावं.

मला अजून बरीच वर्षं आहेत, कडू नाव आहे ना. तुम्हीही या बघायला. जूनमध्ये या, ऊन असेल त्या दिवशी. तुमच्यात कुणाकडे रिकाम्या हातानं जायची पद्धत नाही, हे सुनेत्राकडून मला कळलंय. पण माझ्याकडे रिकाम्या हातानंच या.